विकिपीडियावर पानाचं नाव बदलायची विनंती आली की ॲडमिननं काय काय बघायचं

मराठी विकिपीडियावर चर्चा पानांवर आणि चावडीवर, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक चर्चेच्या पानावर, सगळ्यात जास्त येणाऱ्या विनंत्यांपैकी एक म्हणजे "या पानाचं नाव चुकलंय, प्लीज बदला". नवीन ॲडमिनला वाटतं की हे सोपं काम आहे, टॅब उघडा, नवीन नाव टाका, बटण दाबा, झालं. बटण दाबायला खरंच दहा सेकंद लागतात, पण त्याच्या आधीचा अर्धा तास आणि नंतरचा अर्धा तास जर दिला नाही तर पान हलतं पण मागे तुटलेल्या लिंका, हरवलेला इतिहास आणि चिडलेली माणसं राहतात, आणि ते निस्तरायला मग महिने जातात. मी हे काम बरीच वर्षं करतोय आणि माझ्या हातूनही यातल्या काही चुका झाल्यात, म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढतोय.

आधी शब्द क्लिअर करून घेऊ. आपल्याकडे पानाचं नाव बदलण्याला स्थानांतरण म्हणतात, कारण विकीच्या दृष्टीनं नाव हाच पत्ता आहे, नाव बदललं म्हणजे पान नव्या पत्त्यावर राहायला गेलं. जुन्या पत्त्यावर वाचकाला नव्या पत्त्याकडे पाठवणारी जी पाटी राहते ते पुनर्निर्देशन, बोलताना सगळे रीडायरेक्टच म्हणतात. आणि ॲडमिन म्हणजे प्रचालक. मी खाली दोन्ही शब्द मिसळून वापरलेत, आपण बोलतो तसेच.

हे काम खरंच ॲडमिनचं आहे का

पहिलं हे बघा. खातं काही दिवस जुनं झालं की साध्या सदस्यालाही पान हलवता येतं. नव्या नावाचं पान अस्तित्वात नसेल तर तो स्वतः हलवू शकतो. नव्या नावावर आधीच रीडायरेक्ट असेल, पण त्या रीडायरेक्टला एकच आवृत्ती असेल, म्हणजे बनवल्यानंतर त्यात कुणी बदल केलेला नसेल, आणि तो याच पानाकडे येत असेल, तरीही चालतं. ॲडमिन लागतो तो तीन-चार वेळाच: नव्या नावावर आधीच दुसरं काहीतरी आहे, किंवा तिथल्या रीडायरेक्टमध्ये कुणीतरी नंतर एखादं संपादन केलंय, किंवा पान स्थानांतरणापासून सुरक्षित केलेलं आहे, किंवा जुन्या नावावर रीडायरेक्ट न ठेवता हलवायचंय.

साधी केस असेल तर सदस्याला सांगा की हे तुम्हाला स्वतःला करता येतं, "अधिक" मेनूत स्थानांतरणाचा टॅब आहे, तिथून करा, अडलं तर सांगा. यात काम टाळायचा हेतू नसतो. एकदा स्वतः केलं की तो माणूस पुढच्या वेळी दहा जणांची कामं करतो, आणि आपल्याकडे हात कमीच आहेत.

विनंती कशाची आहे ते ओळखा

सगळ्या विनंत्या एका साच्यातल्या नसतात, आणि कुठल्या प्रकारची आहे त्यावर पुढचं सगळं ठरतं.

शुद्धलेखनाची असेल, म्हणजे "तेंडूलकर"चं "तेंडुलकर" करा किंवा "विकीपिडीया"चं "विकिपीडिया" करा, तर चर्चेची गरज नाही, शब्दकोश आणि एक-दोन चांगले छापील संदर्भ बघा आणि करून टाका. जुन्या चुकीच्या नावाचा रीडायरेक्ट मात्र ठेवाच, कारण ज्यानं चुकीचं टाइप केलं तोही वाचकच आहे आणि त्यालाही पान सापडलं पाहिजे. आद्याक्षरांचंही तसंच. रोजगार हमी योजनेमुळे ओळखले जाणारे वि.स. पागे घ्या, "वि.स. पागे", "वि. स. पागे", "विठ्ठल सखाराम पागे" ही विकीच्या दृष्टीनं तीन वेगळी नावं आहेत, मधली स्पेससुद्धा मोजली जाते. एका नावावर पान, बाकी दोन रीडायरेक्ट, विषय संपला. टिंबानंतर स्पेस द्यायची की नाही यावर तासन्‌तास वाद घालणारे भेटतात, त्यांना एवढंच सांगा की बाकीच्या पानांवर जी पद्धत चालू आहे तीच इथे.

आता शुद्धलेखनातलाच एक प्रकार असा आहे की त्यावर जरा थांबावं लागेल, कारण तो आपल्या लिपीचा खास आहे आणि इंग्रजीतून शिकून आलेल्या कुणालाही तो माहीत नसतो.

कुणीतरी विनंती करतं, "ॲ"नं सुरू होणारी दोन पानं आहेत, एक वगळा. तुम्ही बघता तर दोन्ही नावं अक्षर न् अक्षर सारखी दिसतात. कारण असं की युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, "ॲ" हे अक्षर स्वतंत्र चिन्ह म्हणून २००८ मध्ये आलं. त्याआधी लोक "अ", मग एक अदृश्य जोडक, मग वरचा चंद्र असं तीन तुकडे जोडून "अ‍ॅ" काढायचे, आणि कित्येक कीबोर्ड अजूनही तसंच काढतात. डोळ्याला फरक शून्य, कॉम्प्युटरला दोन वेगळी नावं. तसंच "ऱ्ह" आणि "ऱ्य"चं. जेजुरी-सासवडकडून बारामतीला जाणारी कऱ्हा नदी एकजण "कऱ्हा" लिहितो, त्यात नुक्त्याचा ऱ हे वेगळं अक्षर असतं, दुसरा "कर्‍हा" लिहितो, त्यात साधा र, हलन्त आणि तोच अदृश्य जोडक. स्क्रीनवर जुळी भावंडं. विकीचं सॉफ्टवेअर शीर्षकातली काही अदृश्य चिन्हं आपोआप काढून टाकतं पण हा जोडक काढत नाही, आणि काढूही नये, कारण त्याच्याशिवाय "कर्हा" असा रफार होतो.

ओळखायचं कसं? दोन्ही पानं उघडा, ब्राउझरच्या वरच्या पट्टीतून पत्ता कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये एकाखाली एक पेस्ट करा. टक्क्याच्या चिन्हांची लांब माळ दिसेल, दोन माळा जिथे वेगळ्या पडतात तिथे तो जोडक बसलेला असतो. मी पहिल्यांदा ही भानगड बघितली तेव्हा अर्धा तास मला वाटत होतं की सर्व्हर गंडलाय. मी एका पानाला दुसऱ्या नावावर हलवायला जायचो आणि सॉफ्टवेअर म्हणायचं या नावाचं पान आधीच आहे, मग मी ते नाव सर्चमध्ये टाकायचो तर मला पहिलंच पान मिळायचं, कारण माझा कीबोर्ड कायम जुन्या पद्धतीचंच अक्षर काढत होता! तेव्हापासून अशा केसमध्ये मी नवीन नाव कधीच हातानं टाइप करत नाही, जे बरोबर आहे ते कॉपी करूनच पेस्ट करतो, आणि तुम्हीही तसंच करा. पान नव्या, एकसंध अक्षराच्या नावावर ठेवा आणि जुन्या पद्धतीच्या नावाचा रीडायरेक्ट अजिबात वगळू नका, "दिसायला सारखाच आहे, डुप्लिकेट आहे" म्हणून तो वगळायची विनंती येईल, तरी नको, कारण जुन्या कीबोर्डवाल्या वाचकाला तोच रीडायरेक्ट पानापर्यंत आणतो.

एक छोटी गोष्ट याच्याशीच जोडलेली. शीर्षकाला २५५ बाइट्सची मर्यादा आहे आणि देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह ३ बाइट्स खातं, म्हणजे काना-मात्रा-वेलांट्या सगळं वेगवेगळं मोजून ८५ चिन्हं. एखाद्या संस्थेचं ट्रस्टपासून गावापर्यंतचं पूर्ण नाव मावलं नाही तर तो बग नाही, नाव आटोपशीर करा.

एकच नाव, अनेक गावं

दुसरा मोठा गठ्ठा गावांचा. "कर्जत"चं पान रायगडचं आहे, ते नगरकडच्या कर्जतचं करा, अशी विनंती येते आणि विनंती करणारा त्या गावचाच असतो, त्याच्यासाठी कर्जत एकच आहे. खेड रत्नागिरीतही आहे आणि पुण्यातही, मालेगाव नाशिकला आणि वाशिमला, कळंब धाराशिवला आणि यवतमाळला, आष्टी बीडलाही आणि वर्ध्यालाही. गोव्यातलं वास्को द गामा शहर आणि ज्याच्यावरून ते नाव पडलं तो पोर्तुगीज खलाशी, हीसुद्धा तीच केस.

इथे पान हिसकावून एकाचं दुसऱ्याला द्यायचं नसतं. सरळ विचारा की नुसतं नाव टाकणारा वाचक बहुतेक वेळा कुठलं शोधत असतो. उत्तर उघड असेल तर ते पान साध्या नावावर राहू दे आणि वर एक ओळ टाका की दुसऱ्यासाठी इकडे बघा. उघड नसेल तर दोन्हीला कंस लावा, "कर्जत (रायगड)" वगैरे, आणि साध्या नावावर निःसंदिग्धीकरणाचं पान, म्हणजे त्या नावाच्या सगळ्या पानांची यादी देणारं पान, करा. पिंपळगाव, वडगाव, नांदगाव यांच्या बाबतीत तर विचारसुद्धा करू नका, सरळ निःसंदिग्धीकरण.

कंस लावला की त्या गावाकडे येणाऱ्या जुन्या लिंका सगळ्या निःसंदिग्धीकरणाच्या पानावर जाऊन पडतात, त्या एकेक उघडून योग्य पानाकडे वळवाव्या लागतात. हे कंटाळवाणं आहे पण हे केलं नाही तर नाव बदलण्याला अर्थच राहत नाही.

बिरुदं आणि पदव्या

माणसांच्या नावाआधी "मा.", "डॉ.", "ह.भ.प.", "प.पू.", "छत्रपती", "लोकनेते" लावा अशा विनंत्या. यात सगळ्यात जास्त तापतं. इथे एक गोष्ट मनापासून सांगतो, विनंती करणाऱ्याची भावना खरी असते, त्याला "नियम वाचा" असं एका ओळीत फटकारू नका. शीर्षक हा पत्ता आहे, आदराची जागा नाही, आदर त्या माणसाच्या कामाबद्दल नीट संदर्भ देऊन लिहिण्यात आहे, हे समजावून सांगा. ज्या नावानं सगळा महाराष्ट्र ओळखतो त्यातलं बिरुद नावाचाच भाग झालेलं असतं, तिथे ते काढायचा हट्टही नको. आणि बिरुदासकटच्या नावाचा रीडायरेक्ट करून दिला की निम्म्या लोकांचं समाधान होतं, कारण त्यांना हवं असतं ते एवढंच की तसं टाकलं तरी पान उघडावं. कार्यकर्ते आपल्या नेत्याचं पान रोज हलवत असतील तर ती वेगळी गोष्ट, तिच्यावर खाली येतो.

सरकारनं नाव बदललं

हा सगळ्यात अवघड प्रकार, म्हणून उदाहरण सविस्तर घेतो.

फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्राच्या मंजुरीनंतर औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं. त्याच संध्याकाळपासून विनंत्या सुरू होतात, "सगळीकडे बदला". आता "सगळीकडे" म्हणजे कुठे कुठे? अशा वेळी मी कागद घेतो आणि त्या नावाची पानं लिहून काढतो: शहर, जिल्हा, तालुका, महसूल विभाग, महानगरपालिका, लोकसभा मतदारसंघ, विधानसभेचे मतदारसंघ, रेल्वे स्टेशन, विमानतळ, हायकोर्टाचं खंडपीठ, लेणी. मग प्रत्येकासमोर प्रश्न, या गोष्टीचं नाव कुणी बदललं आणि कधी?

उत्तरं वेगवेगळी येतात. जिल्हा, तालुका आणि विभागाची अधिसूचना सप्टेंबर २०२३ मध्ये निघाली, म्हणजे शहराच्या पानाबरोबर जिल्ह्याचं पान त्याच दिवशी हलवणं घाईचं ठरलं असतं. हायकोर्टात याचिका होत्या, त्या मे २०२४ मध्ये फेटाळल्या गेल्या. त्याच सुमारास लोकसभेची निवडणूक चालू होती आणि मतदारसंघाचं नाव निवडणूक आयोगाच्या कागदावर औरंगाबादच होतं, कारण मतदारसंघांची नावं परिसीमनात, म्हणजे मतदारसंघांच्या हद्दी आखताना, ठरतात, राज्य सरकारच्या अधिसूचनेनं ती बदलत नाहीत. म्हणून मतदारसंघाचं पान हलवायची विनंती नाकारावी लागते, आणि नाकारताना हे कारण पूर्ण लिहावं लागतं, नाहीतर लोकांना वाटतं ॲडमिनचाच काहीतरी अजेंडा आहे. ज्यांना हे विचित्र वाटतं त्यांना मुंबईचं उदाहरण द्या. १९९५ मध्ये बॉम्बेचं मुंबई झालं, पण इंग्रजीत हायकोर्ट आजही बॉम्बे हायकोर्ट आहे आणि आयआयटी आजही बॉम्बेच. शहराचं नाव बदललं म्हणून संस्थेचं आपोआप बदलत नाही.

अजून एक खड्डा. बिहारमध्येही औरंगाबाद आहे, जिल्हा आहे, लोकसभा मतदारसंघही आहे. एखाद्या उत्साही माणसानं बॉट, म्हणजे आपोआप संपादनं करणारा प्रोग्रॅम, लावून नावाची सरसकट शोध-बदल केली की बिहारच्या पानावर "छत्रपती संभाजीनगर जिल्हा, बिहार" असं वाक्य तयार होतं. आणि इतिहासाच्या पानांचं तर वाटोळंच होतं. मलिक अंबरनं १६१० मध्ये खडकी इथे शहर वसवलं, त्याच्या मुलानं त्याचं फतेहनगर केलं, औरंगजेब दख्खनचा सुभेदार होऊन आल्यावर १६५३ मध्ये ते औरंगाबाद झालं, या वाक्यात नवीन नाव घातलं तर वाक्याचा अर्थच जातो. १९७० साली मराठवाडा विद्यापीठातून शिकलेल्या माणसाच्या पानावर विद्यापीठाचं १९९४ नंतरचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ हे नाव लिहायचं असेल तर "तेव्हाचं मराठवाडा विद्यापीठ" असं जोडूनच लिहावं लागतं. तर पानाचं शीर्षक बदलणं ही एक गोष्ट आणि मजकुरातला प्रत्येक उल्लेख बदलणं ही वेगळी, हे विनंती करणाऱ्याला पहिल्याच उत्तरात सांगा.

माझं स्वतःचं मत असं की मराठी विकिपीडियानं अधिसूचना निघाली आणि मराठी पेपर-चॅनेल नवीन नाव सरसकट वापरायला लागले की फार वाट बघू नये, कारण आपला वाचक तेच नाव टाकून शोधणार. अहमदनगरचं अहिल्यानगर झालं तेव्हाही हाच निकष. पण नुसत्या मंत्रिमंडळाच्या निर्णयाच्या बातमीवर पान हलवू नये. निर्णय, केंद्राची मंजुरी आणि राजपत्रातली अधिसूचना यांत महिने जातात आणि मधल्या काळात पान तीनदा पुढेमागे झालेलं मी बघितलंय. इंग्रजी विकिपीडियाचं घड्याळ वेगळं आहे, तिथे इंग्रजी संदर्भांत जास्त वापरात असलेलं नाव बघतात, सरकारी नाव नाही. युक्रेनच्या राजधानीचं पान "किएव्ह"वरून "कीव्ह"वर नेण्यासाठी तिथे वर्षानुवर्षं चर्चा झाल्या, अनेक विनंत्या फेटाळल्या गेल्या आणि शेवटी सप्टेंबर २०२०मध्ये ते पान हललं. त्यामुळे "इंग्रजीत अजून जुनंच आहे" किंवा "इंग्रजीत बदललं" हा आपल्याकडे निर्णायक मुद्दा धरू नका.

चर्चा किती आणि कशी

वादाची शक्यता असेल तर पानाच्या चर्चा पानावर प्रस्ताव लिहा, चावडीवर लिंक द्या, आणि ज्यांनी ते पान मुख्यतः लिहिलंय त्यांना त्यांच्या सदस्य चर्चेवर कळवा. शेवटचं बहुतेक जण विसरतात. ज्यानं चार वर्षं एक पान सांभाळलं त्याला एक दिवस उठून पान दुसऱ्याच नावावर दिसावं हे बरोबर नाही.

सात दिवस द्या. इंग्रजीतही किमान तेवढेच देतात. आपल्याकडे बऱ्याचदा सात दिवसांत कुणीच काही बोलत नाही, तेव्हा संदर्भ भक्कम असतील तर करून टाका, शांतता म्हणजे अडथळा नाही. बोलले तर मतं मोजू नका. "+१" लिहिणारे दहाजण एका फेसबुक ग्रुपवरून आलेले असू शकतात आणि विरोधात एकच माणूस राजपत्राची तारीख घेऊन उभा असू शकतो. मुद्दा कुणाचा टिकतो ते बघा आणि निर्णय लिहिताना दोन्ही बाजूंचा मुख्य मुद्दा आपल्या शब्दांत मांडून मग निर्णय द्या. आणि प्रस्ताव तुमचाच असेल किंवा तुम्ही चर्चेत बाजू घेतली असेल तर बटण दुसऱ्या ॲडमिनला दाबू द्या, अगदी तुम्ही शंभर टक्के बरोबर असलात तरी.

आता प्रत्यक्ष हलवणं

फॉर्म उघडायच्या आधी चार गोष्टी बघा. पानाचा इतिहास. स्थानांतरणाच्या नोंदी, म्हणजे हे पान आधी कितीदा आणि कुठून कुठे गेलंय. "येथे काय जोडले आहे", म्हणजे किती पानं इकडे येतात. आणि नव्या नावावर काय आहे.

नव्या नावावर नुसता रीडायरेक्ट असेल तर त्याचा इतिहास उघडून बघा, खाली कधीकाळी खरा लेख होता का. नसेल तर ते पान वगळून त्याच्यावर हलवा, फॉर्म स्वतःच तसा पर्याय देतो. असेल तर वगळू नका, तो इतिहास कुणाचं तरी लेखन आहे. अशा वेळी अदलाबदल करायची: पहिलं पान एका तात्पुरत्या नावावर रीडायरेक्ट न ठेवता न्या, दुसरं पान पहिल्याच्या जागी न्या, मग तात्पुरतं नाव दुसऱ्याच्या जागी. तीन उड्यांत दोन्ही इतिहास शाबूत. तात्पुरतं नाव मागे कुठे लटकत राहिलं नाही ना ते शेवटी तपासा.

फॉर्ममध्ये चर्चा पान बरोबर हलवायची खूण ठेवा. तिकडे आधीच चर्चा पान असेल तर सॉफ्टवेअर ते हलवत नाही, आणि सांगतं पण तो संदेश आपण वाचत नाही. उपपानं असतील तर तीही, एका वेळी शंभरापर्यंत जातात. रीडायरेक्ट ठेवायची खूण जवळपास कायम ठेवा, ॲडमिनला ती काढता येते म्हणून काढू नका. ती काढायची फक्त शिवीगाळीचं नाव, उघड खोडसाळपणा किंवा वरची तीन उड्यांची अदलाबदल असेल तेव्हा. कारणाच्या चौकटीत "विनंतीनुसार" एवढंच लिहू नका. "चर्चा पानावरील सहमतीनुसार, जिल्ह्याची अधिसूचना सप्टेंबर २०२३" असं लिहा, पाच वर्षांनी कुणी नोंद उघडली तर त्याला त्या एका ओळीत उत्तर मिळालं पाहिजे.

कॉपी-पेस्टनं "हलवलेली" पानं

यावर जरा जास्त बोलतो कारण नवीन लोक हेच करतात आणि कुणी रागावलं की विकी सोडून जातात. त्यांना स्थानांतरणाचा टॅब माहीत नसतो. ते जुन्या पानाचा मजकूर सिलेक्ट करतात, नव्या नावाचं पान बनवून त्यात चिकटवतात आणि जुन्या पानावर रीडायरेक्ट टाकतात. वाचकाला सगळं ठीक दिसतं. पण नव्या पानाच्या इतिहासात पहिलं नाव या माणसाचं, आणि ज्या पंधरा-वीस जणांनी तो लेख वर्षानुवर्षं लिहिला त्यांची नावं जुन्या पानाच्या तळाशी गाडली जातात. विकिपीडियाचा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या बाय-एसए परवान्याखाली आहे, लेखकाचं श्रेय देणं ही त्याची अट आहे, आणि ते श्रेय कुठे असतं तर इतिहासाच्या पानावर. फुकट काम करणाऱ्याला मिळणारी ती एकमेव गोष्ट आहे हो, ती तरी नीट ठेवूया.

दुरुस्ती अशी. लगेच लक्षात आलं, नव्या पानावर त्यानंतर कुणी काही भर घातलेली नाही, तर नवं पान वगळा, जुन्या पानावरचा रीडायरेक्ट उलटवून मजकूर परत आणा आणि मग रीतसर हलवा. मध्ये काळ गेला असेल आणि नव्या पानावरही चांगली संपादनं झाली असतील तर दोन्ही इतिहास एकत्र करावे लागतात. त्यासाठी ॲडमिनला इतिहास एकत्र करायचं एक विशेष पान मिळतं, पण त्यात अट आहे की जुन्या पानाच्या ज्या आवृत्त्या न्यायच्या त्या नव्या पानाच्या पहिल्या आवृत्तीच्या आधीच्या असल्या पाहिजेत. जुनी पद्धतही चालते: नवं पान वगळा, जुनं त्या जागी हलवा, वगळलेल्या आवृत्त्या पुनर्स्थापित करा. मग सगळ्या आवृत्त्या तारखेप्रमाणे एका रांगेत बसतात. झाल्यावर लगेच पान उघडून बघा, कारण जुन्या पानावरचा तो रीडायरेक्टवाला बदल रांगेत सगळ्यात वर आला असेल तर लेखाऐवजी पाटी दिसते, तेव्हा शेवटची चांगली आवृत्ती उघडून जतन करा.

दोन्ही पानांवर एकाच काळात संपादनं झाली असतील, म्हणजे तारखा एकमेकांत घुसल्या असतील, तर इतिहास एकत्र करू नका. रांग अशी विस्कटते की कुणी काय बदललं ते कुणालाच कळत नाही. तिथे जुनं पान रीडायरेक्ट म्हणून ठेवा आणि नव्या पानाच्या चर्चेवर स्पष्ट लिहा की अमुक तारखेपर्यंतचा मजकूर त्या पानावरून आलाय, लेखकांची नावं तिथल्या इतिहासात आहेत. आणि वगळण्याआधी आवृत्त्यांची संख्या बघा, ५,०००च्या वर आवृत्त्या असलेलं पान स्थानिक ॲडमिनला वगळता येत नाही.

नवीन सदस्याला मी साधारण असं लिहितो: "नमस्कार, तुम्ही सुचवलेलं नाव बरोबर आहे, धन्यवाद. मजकूर चिकटवला की आधीच्या लेखकांचा इतिहास मागे राहतो, म्हणून मी पान स्थानांतरणानं हलवून दिलंय, तुमची भरही त्यात आहे. पुढच्या वेळी वरचा स्थानांतरणाचा टॅब वापरा, अडलं तर मला माझ्या चर्चा पानावर विचारा." असं लिहिलं की बहुतेक जण टिकतात.

हलवल्यानंतर

पहिलं काम दुहेरी पुनर्निर्देशनं. सॉफ्टवेअर एकच उडी मारतं. जुनं टोपणनाव आधीच्या नावाकडे आणि आधीचं नाव नव्याकडे अशी साखळी झाली तर वाचक मधल्या पाटीवर अडकतो. बॉट येऊन दुरुस्त करतात पण त्यांची वाट बघू नका, विशेष पानांत यादी असते, पाच मिनिटांचं काम आहे.

मग साचे, म्हणजे अनेक पानांवर तसेच्या तसे दिसणारे तयार तुकडे. लेखाच्या तळाशी जो मार्गदर्शक साचा असतो त्यात जुनंच नाव राहिलं तर लेख उघडल्यावर स्वतःचं नाव ठळक दिसत नाही, रीडायरेक्टची लिंक दिसते. साच्यातली नावं हातानं बदला. माहितीचौकटीतलं नाव आणि लेखाचं पहिलं वाक्यही बदला, आणि पहिल्या वाक्यात जुनं नाव "पूर्वीचे नाव" म्हणून राहू द्या. लेखांमधल्या बाकीच्या लिंका मात्र रीडायरेक्टमधून चालतात, त्या सगळ्या बदलत बसायची गरज नाही.

वर्ग, म्हणजे एका विषयाच्या लेखांची यादी, हे वेगळं प्रकरण. वर्गाचं पान हलवलं तरी त्यातले लेख हलत नाहीत, कारण वर्गाचं नाव प्रत्येक लेखात आत लिहिलेलं असतं. दहा लेख असतील तर हातानं करा, शेकडो असतील तर बॉट चालवणाऱ्याला सांगा, आणि त्याला फक्त वर्गाची ओळ बदलायला सांगा, मजकुराला हात नको.

विकिडाटावरची, म्हणजे एका विषयाची सगळ्या भाषांतली पानं जिथे जोडलेली असतात तिथली, लिंक पान हलवल्यावर सहसा आपोआप नवीन नाव घेते, पण तिथलं मराठी लेबल बदलत नाही, ते हातानं बदलावं लागतं. अदलाबदल केली असेल किंवा मध्ये एखादं पान वगळलं असेल तर लिंक तुटू शकते. दोन्ही लेखांतून इतर भाषांच्या यादीत जाऊन बघा, बिहारच्या औरंगाबादच्या पानावरून इंग्रजीतल्या महाराष्ट्राच्या पानावर तर जात नाही ना. वाचकसंख्या नावाप्रमाणे मोजली जाते, त्यामुळे हलवल्यावर आकडा अचानक पडलेला दिसेल, घाबरू नका, जुन्या नावाचा आकडा वेगळा बघायचा.

नकार आणि ओढाताण

विनंती नाकारली तर कारण लिहून, कुठला संदर्भ आणला तर परत विचार होईल तेही लिहा. "मतदारसंघाचं नाव आयोगाच्या यादीत बदललं की इथे लिंक द्या, लगेच हलवतो" असं लिहिलं की माणसाला पुढचा रस्ता दिसतो, आणि खरंच लिंक आली तर लगेच हलवा.

दोन गट पान पुढेमागे हलवत असतील तर स्थानांतरण फक्त ॲडमिनला करता येईल अशी सुरक्षा लावा. संपादन मोकळंच ठेवा, लेखात भर घालणाऱ्याचा यात काय दोष? सुरक्षा लावताना पान त्या क्षणी ज्या नावावर असेल त्याला एक गट चुकीचंच म्हणणार. शक्यतो वाद सुरू व्हायच्या आधीच्या नावावर ठेवा आणि ते नाव निर्णय नाही, चर्चा संपेपर्यंतची सोय आहे असं चर्चा पानावर सगळ्यात वर लिहा. सुरक्षेला मुदत घाला. मी एकदा बेमुदत लावून विसरून गेलो होतो. नंतर एका सदस्यानं साधी शुद्धलेखनाची विनंती केली, ती नुसती पडून राहिली आणि तो बिचारा तीनदा विचारून थकला.

शेवटी चर्चेवर निर्णय लिहून ती बंद करा, विनंतीचा साचा पानावरून काढा, आणि आठवड्यानं त्या पानाची नोंद, दुहेरी पुनर्निर्देशनं आणि "येथे काय जोडले आहे" एकदा परत उघडून बघा. जुन्या नावावर कुणीतरी पुन्हा नवीन लेख सुरू केलेला असेल तर तो याच वेळी सापडतो.